हातातून सुटलेला भाला

नरहरी अण्णांना खुर्चीत नीट बसलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. खुर्ची होती, दूध संस्थेच्या सचिवाची, लोखंडी, हातांवरचा रंग उडालेली. पण अण्णा तिच्या पाठीवर टॉवेल टाकत आणि स्वतः दारापासून दूध घ्यायच्या खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत. हातात अडकित्ता. सुपारी कातरायची, दोन खांडं तोंडात टाकायची, उरलेली डबीत, आणि डबी बंद व्हायच्या आत दुसरी सुपारी. "अण्णा, बसा की घटकाभर" म्हटलं की म्हणायचे, "बसलोच हाय की," आणि चालत राहायचे. पाहणाऱ्यालाच दम लागायचा.

त्या वर्षी तशी स्वस्थता कुणालाच नव्हती. पावसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिला होता. सिरसाळ्याच्या अलीकडच्या आमच्या गावात विहिरी तळाला गेल्या होत्या, जनावरं चारा छावणीत गेली होती आणि जनावरांमागे घरातलं एकेक माणूस. अण्णांच्या दोन म्हशी आणि त्यांच्याबरोबर अण्णांची बायको, आमच्या काकू, छावणीच्या पालात राहत होत्या. छावणीतलं असेल नसेल ते दूध परस्पर बाहेर जाई. गावच्या सहकारी दूध संस्थेत थेंब येत नव्हता. तरी अण्णा रोज दुपारी संस्थेचं कुलूप उघडत, रिकामे कॅन पुसून पालथे घालत, फॅट तपासायच्या काचेच्या नळ्यांवरची धूळ झटकत, खिडकी उघडत आणि वाट पाहत. कशाची, ते त्यांनाही माहीत नसावं. "संस्था बंद पडली आसं कुनी म्हनू नये," एवढंच त्यांचं म्हणणं.

मी तेव्हा सिरसाळ्याच्या एका विनाअनुदानित कॉलेजात शिकवत होतो आणि संस्थेसमोरच्याच खोलीत भाड्यानं राहत होतो. गावात माझी बैठक जमली ती जुनेदशी. जुनेदच्या वडिलांचा सिरसाळ्याच्या बाजारात फळांचा गाडा. जुनेद पुण्याला शिकायला म्हणून गेला आणि परत येताना पदवीऐवजी जुन्या पुस्तकांच्या गल्लीतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि मूठभर विचित्र फासे घेऊन आला. ते एका खेळाचं पुस्तक होतं. एकानं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. मी दार ढकलतो, मी भाला मारतो, असं तोंडानं सांगायचं आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशावर बघायचं. राक्षस, जादू, गुहा, तलवारी, सगळा मामला. गोष्ट मनाची, पण नियम पुस्तकातले, आणि ते इतके की धर्मापुरीच्या देवळावरची नक्षी परवडली.

गडी जमले ते असे. गोष्ट सांगणारा जुनेद. पाण्याच्या टँकरवरचा ड्रायव्हर दत्ता, जो खेळात कुऱ्हाडवाला झाला. अण्णांचा मुलगा विश्वास, तो भालाईत. आणि मी मांत्रिक. मांत्रिकाला हत्यार चालत नाही, त्यामुळे हत्यारांवरून जी रणं माजली त्यात मी आपोआप कडेला राहिलो.

गावात सगळ्यात मोठं टेबल संस्थेचं आणि सगळ्यात मोकळी जागाही तीच. म्हणून जुनेद अण्णांकडे परवानगी मागायला गेला. अण्णांनी चालता चालता सगळा खेळ ऐकून घेतला आणि खिडकीशी थांबले.

"म्हंजी गोष्ट बी तूच सांगनार आन् नियम बी तूच सांगनार?"

"हौ अण्णा. खेळच तसाय."

"चेअरमन बी तूच, तपासनारा बी तूच. आसं न्हाई चालत बे. लई संस्था बुडाल्या अशानं." अडकित्ता एकदा वाजला. "गोष्ट तुझी. नियमाचा अर्थ मी सांगन. कबूल आसंल तर टेबल वापरा."

जुनेदनं हसून मान डोलावली. म्हातारा दोन दिवसांत कंटाळेल, असा त्याचा अंदाज. तो अंदाज साफ चुकला.

अण्णांनी आल्या आल्या पहिला नियम घातला तो कोरमचा. तीन गडी हजर असल्याशिवाय खेळ सुरू नाही. तीन नसतील तर अर्धा तास तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, त्यामुळे अर्ध्या तासानं असतील तेवढ्यांनी सुरू करायचं. सहकारातल्या माणसाला हे श्वास घेण्याइतकं साधं वाटतं. आम्हाला मात्र वेड लागायचं. दत्ताचा टँकर भरायला उशीर झाला की जुनेदला धरायचं की नाही यावर अण्णा आधी विचार करायचे, मग "तो चेअरमन हाय, गड्यात धरता येत न्हाई" म्हणून अर्धा तास तहकूब. मी आणि विश्वास समोरासमोर बसून एकमेकांची तोंडं बघत असू, फासे हाताशी असत, आणि अण्णा खिडकी ते दार, दार ते खिडकी. अर्धा तास भरला की लगेच म्हणत, "चला, उशीर कावून करताव?"

त्यांची अर्थ लावायची एक तऱ्हा होती. इंग्रजी त्यांना परिपत्रकांपुरतं येई. जुनेदनं कलम आधी इंग्रजीत वाचायचं, मग मराठीत सांगायचं, मग पुन्हा इंग्रजीत. तेवढ्यात अण्णांच्या दोन-तीन फेऱ्या होत. मग त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा. "हे कलम घालायची येळ कावून आली आसंल? कुनाचं भांडन झालतं?" त्यांचा पक्का समज होता की नियम म्हणजे जुनं भांडण, जगात जिथं कुठं नियम आहे तिथं आधी दोन माणसं हातघाईवर आलेली असणार. ती दोन माणसं सापडली की अर्थ सापडला. मग सातासमुद्रापलीकडचे ते कोण दोघे, ते भाल्यावरून कसे भांडले असतील, हे अण्णा रंगवून सांगत आणि गोष्ट सांगणारा जुनेद हात बांधून ऐकत बसे.

पहिला खटला विश्वासच्या भाल्याचा. पुस्तकात लिहिलं होतं, हा भाला दोन हातांचा आहे. विश्वास म्हणाला, मी एका हातात भाला धरतो, दुसऱ्यात कंदील, कारण गुहेत अंधार आहे. जुनेद म्हणाला, दोन हात म्हणजे दोन हात. झालं. अण्णांनी मला अंगणात नेलं, हातात एक लांब बांबू दिला, दुसऱ्या हातात रिकामी बादली, आणि चालायला लावलं. येणारे-जाणारे बघत होते. कॉलेजातल्या माणसाची शोभा झाली ती झाली. मी चार पावलं नीट चाललो.

"चालता येतंय," अण्णा म्हणाले. "आता मारा."

मी बांबू मारायला गेलो, तो बादलीसकट अंगावर आला.

"मारता येत न्हाई. म्हंजी बाळगायला एक हात, मारायला दोन. आधी कंदील खाली ठिवायचा." आणि आत येऊन खिडकीशी फेरी संपवत त्यांनी निकाल दिला. विश्वासनं पुढच्या प्रत्येक लढाईत आधी कंदील खाली ठेवला. एकदा तो कंदील राक्षसाच्या पायाखाली गेला आणि आम्ही सगळे अंधारात. अण्णांना त्याचं काही वाटलं नाही. निकाल तो निकाल.

दुसरा खटला दत्तानं उभा केला. हातातली कुठलीही वस्तू हत्यार म्हणून वापरता येते, असा एक नियम होता. दत्तानं एक बारका राक्षस तंगडीला धरून उचलला आणि म्हणाला, "ह्याच्यानं मी त्या मोठ्याला हानतो." जुनेदनं कपाळाला हात लावला. अण्णा मात्र गंभीर. बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

"जित्ता हाय का मेलाय?"

"जित्ता हाय अण्णा. वळवळतोय."

"मंग वस्तू न्हाई. जित्त्याला इचारल्याबिगर वापरता येत न्हाई. जुनेद, त्याची हरकत हाय का इचार."

जुनेदला त्या बारक्या राक्षसाच्या वतीनं हरकत नोंदवावी लागली. तीही अण्णांनी सविस्तर ऐकून घेतली. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णा हसले नाहीत. त्यांच्या लेखी तो बारका राक्षसही सभासदच होता.

तिसरा खटला महत्त्वाचा. पुस्तकात राखणदार राक्षसांची एक जात होती. समोरचा माणूस निःशस्त्र असेल तर त्यांचा घाव दुप्पट बसायचा. निःशस्त्र म्हणजे काय, ते मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं. दत्तानं आपली कुऱ्हाड फेकून मारली, ती चुकली आणि खडकांत जाऊन पडली. राक्षसानं दत्तावर घाव घातला. जुनेद म्हणाला, हात मोकळे, म्हणजे निःशस्त्र, घाव दुप्पट, दत्ता मेला. दत्ता उठून उभा राहिला. "मेला कसा बे? कुऱ्हाड माझी समोर दिसतीया."

अण्णांनी सभा तहकूब केली ती पुढच्या बैठकीपर्यंत. त्या दिवसांत संस्थेत एक कुरबूर चालू होती. काही पुढाऱ्यांचं म्हणणं होतं की जे सभासद ऊसतोडीला गेलेत, दूध घालत नाहीत, त्यांची नावं कमी करावीत. म्हणजे पुढच्या निवडणुकीला बरं. अण्णा एकटे आडवे उभे राहिले होते. "मानूस तोडीला गेलाय, मेला न्हाई," असं ते ज्याला त्याला चौकात थांबवून सांगत. पुढच्या बैठकीला ते आमच्याआधी हजर. आम्ही बसायच्या आत त्यांनी निकाल दिला.

"हातातून सुटलं म्हनून परकं झालं न्हाई. दुसऱ्यानं उचलस्तवर ते त्याचंच. दत्ता निःशस्त्र न्हाई. घाव साधा."

दत्ता वाचला. त्यानं अण्णांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. आणि 'हातातून सुटलं म्हनून परकं झालं न्हाई' हे अण्णांचं वाक्य चौकातही लोक म्हणू लागले. ऊसतोडीला गेलेल्यांची नावंही तशीच राहिली.

आता विश्वासचं सांगायला हवं. विश्वासनं डिप्लोमा केलेला होता आणि चाकणच्या एका कंपनीनं त्याला बोलावलं होतं. एकदा त्यानं तारीख पुढे ढकलून घेतली होती. कुणी विचारलं की म्हणायचा, "तळं सापडलं की जातो." जुनेदच्या गोष्टीत डोंगराच्या पोटात एक तळं होतं आणि आम्ही सगळे तेच शोधत होतो. त्या वर्षी दुसरी कुठली गोष्ट सुचणार होती म्हणा. पण तळं हे निमित्त होतं, हे टेबलाभोवतीच्या सगळ्यांना कळत होतं. काकू छावणीत. विश्वास गेला तर घरात अण्णा एकटे, आणि संस्थेत रिकाम्या कॅनांसमोर अण्णा एकटे. हे तोंडानं बोलायची त्या घरात पद्धत नव्हती. बाप-लेक बोलायचे ते फक्त भाल्याबद्दल.

मग कंपनीचा निरोप आला की सोमवारी हजर व्हा, नाही तर आम्ही दुसरा माणूस घेतो. शनिवारी दुपारी काकू छावणीतून आल्या. मी खोलीच्या दारात उभा होतो, त्या संस्थेच्या पायरीवर. अण्णा आत चालत होते.

"पोराला जा म्हनून सांगा," काकू म्हणाल्या. "तुमी सांगितल्याबिगर तो हालायचा न्हाई."

"मी कावून सांगू? मला का तो नकोसा झालाय?"

"तसं न्हाई वो. त्याला वाटतंय तुमाला सोडून कसं जावं."

"मग जाऊ नये की." आणि फेरी. दार, खिडकी. "न्हाई, जावं. पन मी कसं म्हनू त्याला जा म्हनून. तोंड हाय का माजं?"

काकू म्हशींच्या धारांची वेळ झाली म्हणून परत निघाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर, तुमी तरी समजवा." कुणाला समजवायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

तासाभरात आम्ही खेळायला बसलो. कोरम पुरा होता. त्या दिवशी कुणाचंच खेळात लक्ष नव्हतं आणि त्याच दिवशी नेमकं तळं आलं. जुनेदनं ते फार सुंदर सांगितलं. काळं गार पाणी, वर थेंब ठिबकतायत, आवाज घुमतोय. दत्ता नुसतं ऐकून तांब्यातलं पाणी प्यायला. तळ्याच्या काठाला राखणदार होता, त्याच जातीचा. तो दत्तावर धावला. दत्ता आधीच घायाळ. विश्वासनं कंदील खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी भाला फेकला. फासा चांगला पडला. दत्ता सुटला, भाला राक्षसाच्या खांद्याला लागून काठाच्या पाण्यात पडला, आणि राक्षस विश्वासकडे वळला. जुनेदनं फासा टाकला. घाव बसला. साधा घाव असता तर विश्वासचा गडी जेमतेम तगत होता. दुप्पट असता तर नाही.

जुनेदला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. "दत्ताचा निकाल हाय. भाला कुणी उचलला नाही, म्हणजे घाव साधा. वाचला विश्वास."

"थांब," अण्णा खिडकीपाशी म्हणाले.

अडकित्त्याचा आवाज बंद झाला होता.

"भाला हातात हाय का?"

"हातात नाही अण्णा, पण दत्ताच्या टायमाला तुम्हीच..."

"दत्ताच्या येळेला मी चुकलो."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. अण्णांच्या तोंडून हे वाक्य गावानं कधी ऐकलेलं नसावं. ते काय करत होते ते मला तेव्हा दिसलं आणि थांबवावं की नाही ते कळेना.

"हातात न्हाई म्हंजी न्हाई," अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले. "निःशस्त्र हाय. घाव दुप्पट."

विश्वास बापाकडे बघत राहिला. "अण्णा, तुमी मला मारताव?"

"मी कोन मारनार. नियम हाय."

टेबलावरची आमची माणसं म्हणजे फॅटच्या नळ्यांची रबरी बुचं होती. विश्वासनं आपलं बूच तळ्याच्या काठावर आडवं ठेवलं. भाला म्हणून आगपेटीची काडी होती, ती खडूनं काढलेल्या तळ्याच्या रेघेपलीकडे पडली होती. तिला त्यानं हात लावला नाही. "मंग मी मोकळा झालो," तो हळू म्हणाला.

"व्हय," अण्णा म्हणाले. "मोकळा झालास."

दुसऱ्या दिवशी दुपारी दत्तानं त्याला टँकरवरून सिरसाळ्याच्या स्टँडवर सोडलं. अण्णा सोडायला गेले नाहीत. रोजच्यासारखं कुलूप उघडून कॅन पुसत होते. संध्याकाळी पुण्याची गाडी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर थांबली तेव्हा विश्वासनं मला फोन केला. मागे भांड्यांचा, गाड्यांचा कालवा.

"सर, अण्णा काल चुकले का वो?"

मी म्हटलं, "त्यांनाच विचार."

"ते काय सांगनार." मग म्हणाला, "कुलूप लावलं का तेवढं बघा. इसरतेत."

मी जाऊन पाहिलं. कुलूप लावलेलं होतं, आणि अण्णा बंद दारासमोर येरझाऱ्या घालत होते.

पुढे खेळ चालला, पण विस्कळीत. दत्ताच्या खेपा वाढल्या, जुनेदचं मन उडालं. एका दुपारी दत्तानं परत कुऱ्हाड फेकली, ती परत चुकली आणि परत तसलाच राक्षस समोर. दत्ता स्वतःच म्हणाला, "घ्या, मेलो मी. नवा निकाल."

"कशानं मेलास बे?" अण्णा म्हणाले. "हातातून सुटलं तरी त्याचंच. दुसऱ्यानं उचलस्तवर. घाव साधा."

जुनेद चिडला. इतक्या दिवसांचं साचलेलं बाहेर आलं. "आन् विश्वासच्या टायमाला? तेव्हा काय झालतं?"

अण्णांनी सुपारी कातरली. खांडं तोंडात टाकली. दारापर्यंत गेले, परत आले.

"त्या येळेला मी चुकलो," ते म्हणाले.

जुनेदनं फासा उचलला आणि गोष्ट पुढे नेली.

उन्हाळा सरता सरता मला लातूरला नोकरी लागली. जुनेद परळीला आंब्याच्या धंद्यात गेला होता, दत्ताचा टँकर दुसऱ्या तालुक्यात. मी निरोप घ्यायला संस्थेत गेलो. अण्णा चालत होते. मला बघून म्हणाले, "कोरम न्हाई, सर. अर्धा तास तहकूब."

मी बसलो. पुढचा खेळ आम्ही टेबलाच्या दुसऱ्या टोकाला खेळलो होतो, या टोकाला विश्वासच्या शेवटच्या दिवसाची मांडणी तशीच होती. तळ्याची खडूची रेघ, आडवं पडलेलं बूच, रेघेपलीकडे काडी. सगळ्यावर धूळ. नुसतं बसवेना म्हणून मी विश्वासचा भाला, ती काडी, उचलून नीट ठेवायला हात पुढे केला.

"सर, हात लावू नका," अण्णा म्हणाले. आवाज मोठा नव्हता.

मी हात मागे घेतला. अर्धा तास भरला तशी त्यांनी सभा सुरू झाल्याचं सांगितलं, मी जातोय हा एकच विषय होता, तो त्यांनी मंजूर केला. पायरीपर्यंत सोडायला आले. "इस्वासचा फोन येतो," म्हणाले. "येळ मिळंल तवा येतो म्हनला." मग आत गेले.

रस्ता ओलांडून मी मागे पाहिलं. दूध घ्यायची खिडकी उघडी होती. अण्णा ओल्या फडक्यानं टेबल पुसत होते. पाणी जपून वापरायचे ते दिवस, तरी फडकं ओलं होतं. सगळं टेबल त्यांनी पुसलं. काडीपाशी आले तेव्हा फडक्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि तिच्या कडेकडेनं, तिला न हलवता, बराच वेळ पुसत राहिले.